‘असिंक्रोनस’ला मराठीत काय लिहावं?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकून आता बेळगावात इंजिनिअरिंग करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. ज्युनिअर मुलांसाठी ती मोबाइल ॲपवर मराठीत टिपणं काढते. ‘असिंक्रोनस डेटा लोडिंग’ला ‘असमकालिक’ लिहिलं तर कुणाला कळत नाही, मग ‘एकाच वेळी’ लिहू का, असं तिनं विचारलंय.

‘एकाच वेळी’ मुळीच लिहू नका. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात डार्ट ही भाषा वापरतात. डार्टचं एक आयसोलेट, म्हणजे कोड चालवणारा एक स्वतंत्र विभाग, एका वेळी एकच काम करतं, तरी तिथं असिंक (असिंक्रोनस) कोड रोज लिहितात. सर्व्हरकडे मागणी गेली की उत्तराची वाट बघत ॲप अडून बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘एकाच वेळी’ असं शिकलेला मुलगा मोठी आकडेमोड असिंक फंक्शनमध्ये टाकतो आणि स्क्रीन गोठला की गोंधळतो. ती आकडेमोड वेगळ्या आयसोलेटकडे द्यावी लागते.

‘असमकालिक’ चुकीचा नाही, शीर्षकात एकदा असू द्या. पुढं मात्र साधं क्रियापद वापरा: मागवणे. सामान आणायचं तर दुकानात स्वतः जावं लागतं, मागवलं की आपण दुसऱ्या कामाला मोकळे. ‘यादी मागवली, आली की दाखवली’ असं लिहिलंत तर कोडचा क्रमही त्यातच आला.

असिंक कोडमधल्या ‘अवेट’ या शब्दाला ‘येईपर्यंत थांब’ ठीक आहे, पण कोण थांबतं ते सांगायलाच हवं. त्या फंक्शनची पुढची ओळ थांबते, स्क्रीन थांबत नाही. इथंच मुलं अडकतात. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे स्क्रीनची एकामागून एक चित्रं, दाखवायच्या तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. अँड्रॉइडचा मुख्य थ्रेड, म्हणजे स्क्रीन आणि स्पर्श सांभाळणारा कामाचा धागा, अडला आणि स्पर्शाला 5 सेकंदांत प्रतिसाद गेला नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. म्हणून ‘थांब’ हा शब्द मोघम सोडू नका.

स्क्रीनवर ‘लोडिंग’ऐवजी ‘यादी येत आहे’ लिहा. आपल्याकडं बेळगाव-खानापुरात ‘काय करुलालास?’ (काय करतो आहेस?) विचारतात, त्यातलं चालू क्रियेचं रूप मुलांच्या तोंडी बसलेलं आहे. तोंडी शिकवताना ते खुशाल वापरा, टिपणात प्रमाण रूप ठेवा.

आणि खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं रेंज गेली तर? नुसतं चाक फिरत ठेवू नका. ‘यादी आली नाही’ असं स्पष्ट लिहा आणि खाली बटण द्या: ‘पुन्हा मागवा’.