आत्महत्येचा प्रयत्न आणि कायदा यावर एलएलएमचा प्रबंध लिहायचा आहे. पैसे न भरता संशोधन कुठे वाचायला मिळेल?

विषय फार चांगला निवडलात. सुरुवात मुंबई उच्च न्यायालयाच्या 1986 च्या निकालापासून करा. मानसिक आजार असलेल्या एका पोलीस हवालदाराच्या प्रकरणात न्यायालयाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानणारं भारतीय दंड संहितेचं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं होतं. 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम 115 आलं: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, शिक्षा नाही, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 नाहीच; मात्र सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम 226 खाली अजूनही गुन्हा आहे. माझ्या मते प्रबंधाचा खरा गाभा इथेच आहे, कारण 115 आणि 226 यांचा मेळ कसा घालायचा?

वाचायला ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ ही दोन्ही नियतकालिकं ऑनलाइन मोफत आहेत. दुसऱ्यात डॉक्टर आणि वकील दोघंही लिहितात, ते आधी उघडा. प्रबंध शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा मोफत ऑनलाइन संग्रह), सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या मोफत संकेतस्थळावर. लेख पैसे मागत असेल तर ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे मोफत एक्स्टेंशन टाका, मोफत प्रत असेल तर ते दाखवतं. नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.