हवाईचं गाणं, हवाईची भाषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हवाईयन गाणी मी देवनागरीत उतरवून पाठ करते. चाल बसते, पण ऑनलाइन वर्गातल्या शिक्षिका म्हणतात की शब्द कळत नाहीत. देवनागरीत तर लिहितो तसंच वाचतो. मग चुकतं कुठे?

उत्तर : तीन ठिकाणी चुकतं, आणि तिन्ही चुका मराठी जिभेच्या सवयीतून येतात.

हवाईयनमध्ये १३ अक्षरं आहेत. पाच स्वर, ह, क, ल, म, न, प, व ही सात व्यंजनं आणि आठवं व्यंजन म्हणजे ʻओकिना. लॅटिन लिपीत ते उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं, म्हणून उतरवून घेताना ते पहिल्यांदा गळतं. पण ते विरामचिन्ह नाही. मान हलवून नकार देताना आपण ‘अं-अं’ म्हणतो, तेव्हा मधे घसा क्षणभर बंद होतो. तोच हा उच्चार. ‘मोआ’ म्हणजे कोंबडी, ‘मोʻआ’ म्हणजे शिजलेलं. ‘काʻउ’ म्हणजे माझं आणि ‘काऽउ’ म्हणजे तुझं, त्यामुळे प्रेमगीतात ही चूक फारच महागात पडते.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. लॅटिन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, तिला काहाकोऽ म्हणतात. देवनागरीत इ-ई आणि उ-ऊ वेगळे आहेत, पण ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी चिन्हं नाहीत. ऱ्हस्व ‘आ’साठी ‘अ’ लिहिला, तर शब्दाच्या शेवटी तो आपण गिळून टाकतो. म्हणून तुमच्या वहीत असं करा : सगळे आ, ए, ओ ऱ्हस्व समजा आणि दीर्घ असेल तिथे पुढे अवग्रह द्या. या सदरातही तसंच लिहिलं आहे. मग ‘पाउ’ (संपलं), ‘पाʻउ’ (काजळी) आणि ‘पाऽʻऊ’ (हुला या हवाईयन नृत्यात कमरेला नेसायचं वस्त्र) हे तीन शब्द कागदावरच वेगळे दिसतील. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इ किंवा उ असेल तर तो ऱ्हस्वच लिहा. शुद्धलेखनाची सवय तिथे हटकून दीर्घ करायला लावते आणि लिहिलं की गळाही तसाच ओढतो.

तिसरी चूक कानाला सापडतच नाही. दोन स्वर शेजारी आले की आपण मधे य किंवा व घुसवतो. ‘पुआ’ (फूल) चं ‘पुवा’ होतं, ‘लेआ’ (आनंद) चं ‘लेया’. त्यावर उपाय म्हणजे चाल बाजूला ठेवून कडवं आधी बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि ऐकताना फक्त स्वरांचे सांधे तपासायचे. क आणि प मात्र तुम्हाला आयते येतात. इंग्रजी बोलणारे त्यांचे ख आणि फ करतात, त्यांना ते सोडवायला महिने लागतात.

नमुन्यासाठी गायकांइतकेच बोलणारे ऐका. १९७२ ते १९८८ या काळात ‘का लेओ हावाइʻइ’ या रेडिओ कार्यक्रमात ज्यांची मातृभाषाच हवाईयन होती अशा वृद्धांच्या मुलाखती झाल्या. त्या हिलो इथल्या विद्यापीठाच्या ‘कानिʻआऽइना’ संग्रहात ऐकता येतात. अर्थ कळला नाही तरी रोज पाच मिनिटांचा एकच तुकडा आठवडाभर ऐका.

प्रश्न : शब्दकोश घेऊन गाण्याचा अर्थ लावतो, पण पाऊस, फुलं, धुकं यांच्यापुढे काही हाती लागत नाही. शिवाय एका कडव्याचा अर्थ तर पूर्ण उलटाच निघाला.

उत्तर : शब्दकोश चांगलाच वापरत असाल. पुकुई आणि एल्बर्ट यांचा कोश (१९८६ची सुधारित आवृत्ती) ‘वेहेवेहे’ या संकेतस्थळावर मोफत शोधता येतो. पण गाण्यात कोश दुसऱ्या पायरीला येतो. पहिल्या पायरीला वाक्य मोडता आलं पाहिजे.

हवाईयन वाक्यात क्रियापद आधी येतं, मग कर्ता. त्याच्याही आधी काळ दाखवणारा छोटा शब्द असतो. ‘उआ हेले आउ’ म्हणजे ‘मी गेलो’. इथे ‘उआ’ क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो. पण ‘का उआ’ म्हणजे पाऊस. पुढे क्रियापद आहे की मागे ‘का’ आहे, एवढं पाहिलं तरी निम्मे घोळ मिटतात. हा ‘का’ क, ए, आ, ओ यांनी सुरू होणाऱ्या शब्दांपुढे ‘के’ होतो. अपवाद आहेत, त्यातला पहिला लगेच भेटेल : ‘के मेले’, म्हणजे गाणं.

अर्थ उलटा निघण्याचं नेहमीचं कारण मात्र मालकी दाखवणाऱ्या आ आणि ओ मध्ये असतं. ‘के मेले आ लिलिʻउ’ म्हणजे लिलिʻउने (हवाईची राणी लिलिʻउओकालानी) रचलेलं गाणं, आणि ‘के मेले ओ लिलिʻउ’ म्हणजे तिच्या गौरवाचं गाणं. आपल्या कर्तृत्वातून येतं त्याला आ, जन्माने किंवा नात्याने लाभलेलं असतं त्याला ओ : आपलं मूल आ, आईवडील ओ, पुस्तक आ, घर ओ. गाण्यात ‘कुʻउ’ दिसला तर हा प्रश्नच येत नाही. तो ‘माझं लाडकं’ या अर्थाने दोन्हीकडे चालतो.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ मधला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, हा मोठाच फायदा. ‘काऽकोउ’ म्हणजे आपण, ‘माऽकोउ’ म्हणजे आम्ही. दोघंच असतील तर ‘काऽउआ’ आणि ‘माऽउआ’. त्यामुळे दोघांचं गाणं कोणतं आणि समुदायाचं कोणतं हे एका सर्वनामावरून कळतं. इंग्रजी भाषांतरात हे सगळं पुसलं जातं. म्हणून इंग्रजी अर्थावरून मराठी अर्थ लावू नका, मूळ ओळीशी जा.

आता पाऊस आणि फुलं. हवाईत पावसांना आणि वाऱ्यांना नावं आहेत आणि ती ठिकाणाशी बांधलेली आहेत. ओळीत ‘कानिलेहुआ’ पाऊस आला की गाणं हिलोत आहे, ‘तुआहिने’ (‘कुआहिने’चा जुना उच्चार) आला की माऽनोआच्या दरीत आहे, ‘ʻआऽपाʻआपाʻआ’ वारा आला की कोहालात. गावाचं नाव न घेता गाव सांगितलेलं असतं. त्याखाली आणखी एक थर असतो, त्याला काओना म्हणतात. भिजवणारा पाऊस, दवात न्हालेलं लेहुआचं फूल, चोच बुडवणारा पक्षी यांतून प्रणय सांगितलेला असू शकतो. विराण्या समजून ऐकलेल्या वाचकाला हा मार्ग परका वाटणार नाही. तरीही एक सावधगिरी हवी : काओना काय आहे ते रचणारा आणि ज्याच्यासाठी रचलं तो, यांनाच पुरतं ठाऊक असतं. प्रत्येक फुलात प्रेयसी शोधू नका. गाणं कोणी, कोणासाठी, कुठे रचलं हे आधी पाहा आणि अर्थ तेवढाच लावा.

जुन्या वृत्तपत्रांतून गाणी शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा. १८३४ ते १९४८ या काळात शंभराहून जास्त हवाईयन वृत्तपत्रं निघाली, पण छपाईत ʻओकिना आणि काहाकोऽ बहुधा नसत. शोधताना चिन्हं काढून टाका, नाहीतर काहीच मिळणार नाही. मिळालेल्या ओळीत ‘पाउ’ दिसला तर वरच्या तिघांपैकी कोणता, हे संदर्भावरून ठरवावं लागतं.

प्रश्न : स्लॅक-कीसाठी (तारा सैल करून वाजवायची हवाईयन शैली) गिटार टॅरो पॅच या लावणीत लावली. तारा खडखडतात, आणि दोन मिनिटांत सूर उतरतो.

उत्तर : आधी लावणी तपासू. तारा जाडीकडून बारकीकडे मोजल्या तर नेहमीची गिटार ई-ए-डी-जी-बी-ई असते. त्यातली सहावी (जाड) ई वरून डी, पाचवी ए वरून जी आणि पहिली ई वरून डी करायची. तिन्ही एकेक पूर्ण सूर खाली, बाकीच्या तीन जागच्या जागी. झाली डी-जी-डी-जी-बी-डी. ट्यूनरनंतर सप्तकं कानाने जुळवा : सहावी, चौथी आणि पहिली हे तीन डी, पाचवी आणि तिसरी हे दोन जी.

सूर उतरतो कारण तार सैल करून थेट सुरावर थांबता. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकून राहते आणि वाजवताना सुटते. नेहमी हव्या त्या सुराच्या खाली जा, तार बोटाने हलकी ओढा, मग चढवत सुरावर या.

खडखड दोन कारणांनी होते. ताण कमी झाला की मानेचा बारीक बाक कमी होतो आणि तार फ्रेटला टेकते. शिवाय तारा ०.०१० इंचाच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी) संचातल्या असतील तर सैल झाल्यावर त्यांत जीव उरत नाही. ०.०१२ किंवा ०.०१३ चा संच घाला आणि गिटार कायम याच लावणीत ठेवणार असाल तर मान एकदा जाणकाराकडून जुळवून घ्या. तरी खडखडली तर बहुतेक वेळा अंगठ्याचा जोर जास्त असतो.

सुरुवात एवढ्यावर करा. जी कॉर्डला काहीच दाबायचं नाही; अंगठा पाचवी-चौथी-सहावी-चौथी असा सारखा चालू ठेवायचा. डी-सेव्हनसाठी तिसरी तार दुसऱ्या फ्रेटला, दुसरी तार पहिल्या फ्रेटला, आणि अंगठा सहावी-चौथीवर. ए-सेव्हनसाठी पाचवी, चौथी, दुसरी आणि पहिली या चारही दुसऱ्या फ्रेटला, तिसरी मोकळी. या तिघांतून व्हँप, म्हणजे दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा, तयार होतो : ए-सेव्हन दोन मात्रा, डी-सेव्हन दोन मात्रा, जी चार मात्रा, आणि हे सगळं दोनदा. युकुलेलेवर सी मध्ये वाजवणाऱ्यांनी डी-सेव्हन, जी-सेव्हन, सी घ्यावं.

व्हँप हा रिकाम्या वेळेत भरायचा तुकडा नाही. हुलाच्या गाण्यात कडवं बहुधा दोन ओळींचं असतं, ते दोनदा गातात, मग व्हँप, मग पुढचं. नाचणारे त्यावर कडवी मोजतात. व्हँप चुकवला तर पंधरा जणांचे पाय चुकतात. ‘हाʻइना’ने सुरू होणारी ओळ आली की शेवटचं कडवं आलं असं समजा.

हात बसला की वाहिने लावणीकडे जा : टॅरो पॅचमधली तिसरी तार अर्धा सूर उतरवून एफ-शार्प करा. ती मोकळी छेडून लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटलं की जी मिळतो. कानाला ओळखीचा वाटणारा तो ‘हवाईयन’ हेलकावा इथून येतो. एकेकाळी अशा लावण्या घराघरांत जपून ठेवल्या जात आणि बाहेरच्याला दाखवत नसत. आज त्या खुल्या आहेत. त्या कोणाच्या हातून आल्या, ते नाव सांगायला विसरू नका.

प्रश्न : साध्या गिटारवर स्टील-गिटारसाठी (तारांवर धातूचा बार सरकवून वाजवतात ती) सी-सिक्स्थ लावणी लावत होतो. चौथी तार तुटली.

उत्तर : तुटणारच. सी-सिक्स्थ म्हणजे सी-ई-जी-ए-सी-ई. त्यात चौथी तार डी वरून जी पर्यंत, पाच अर्धसूर चढते. त्या लावणीचा स्वतंत्र संच मिळतो, तो घाला. तोवर टॅरो पॅचचीच डी-जी-डी-जी-बी-डी लावा, तिच्यात एकही तार चढत नाही. तारा उचलणारा उंच नट बसवा आणि स्टीलचा बार फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरा. बोटाने दाबताना आपण पट्टीच्या मागे दाबतो, ती सवय इथे सूर उतरवते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात आधी एक ओली म्हणायचा आणि मग हुला करायचा विचार आहे. परवानगी लागते का? पोशाख कसा असावा?

उत्तर : विचारलंत हे बरं केलंत. ओली म्हणजे नाचाविना म्हटलेलं पठण. काही ओली सगळ्यांना शिकवले जातात, काही एखाद्या घराण्याचे किंवा हाऽलाउचे (हुलाच्या शाळेचे) असतात. ‘मेले इनोआ’ हे एका व्यक्तीच्या नावाचं गाणं असतं आणि ते त्या व्यक्तीचंच राहतं. ज्या कुमुकडून (गुरूंकडून) शिकलात त्यांना सरळ विचारा : हे मंचावर म्हणू का, कोणत्या प्रसंगी म्हणतात? व्हिडिओ पाहून उचललेला ओली मंचावर म्हणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकायला एकटं म्हणणं वेगळं.

मेलेचा अर्थ पुरता कळल्याशिवाय ते निवडूही नका. ‘मेले माʻइ’ हा प्रकार चालीने खेळकर असतो, पण तो राजघराण्यातल्या व्यक्तीच्या जननेंद्रियांचा आणि वंशवृद्धीचा गौरव असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र बालदिनाला तो निवडला जाऊ नये. कडवी गाळू नका, दोन गाण्यांची जोडून एक करू नका. सुरुवातीला रचनाकार, गाणं कोणासाठी आणि कोणत्या जागेचं हे सांगा. विसाव्या शतकातल्या रचनांवर हक्क असू शकतात, तेही तपासा.

प्लॅस्टिकचा गवती घागरा आणि करवंट्यांची चोळी नको. गवती घागरा एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट बेटांकडून आला आणि पर्यटनाने तो पसरवला. साध्या सुती कापडाचा पाऽʻऊ शिवा.

हे नियम जाचक वाटले तर एक तारीख पाहा. १८९६च्या कायद्याने हवाईतल्या शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचं माध्यम ठरलं. हवाईयनला राजभाषेचा दर्जा १९७८मध्ये मिळाला, आणि पालक-शिक्षकांनी काढलेली ‘पूनाना लेओ’ ही पहिली बालवाडी १९८४मध्ये कौआʻइ बेटावर सुरू झाली. मधल्या काळात गाणी आणि हुला यांनी शब्द सांभाळले. त्यांतला एक स्वरही इकडचा तिकडे झालेला तिथल्या लोकांना चालत नाही, ते यामुळेच.

प्रश्न : थेट वर्गाची वेळ नेहमी चुकते. कीबोर्डवर ʻओकिनाही सापडत नाही.

उत्तर : हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे, आणि तिथे उन्हाळी वेळ नसल्याने हा फरक वर्षभर तोच राहतो. तिथला मंगळवार संध्याकाळी सहाचा वर्ग म्हणजे आपला बुधवार सकाळी साडेनऊ. हिलोतला मेरी मोनार्क हा हुला महोत्सव ईस्टरच्या रविवारी सुरू होणाऱ्या आठवड्यात असतो. तिथल्या गुरुवार ते शनिवारच्या संध्याकाळच्या स्पर्धा आपल्याला शुक्रवार ते रविवारच्या सकाळी दिसतात.

फोनच्या आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत हवाईयन कीबोर्ड असतो, तोच जोडा. साधं अवतरणचिन्ह वापरलं तर कोशात शोध फसतो आणि ओळीच्या सुरुवातीला ते बऱ्याचदा उलटं वळतं. मॅकवर या कीबोर्डने ऑप्शन दाबून स्वर टाइप केला की काहाकोऽ येतो.