सही नंतर केली तर?

प्रश्न : दाबोळी विमानतळावर मी कंत्राटी देखभालीत तंत्रज्ञ आहे. घाईत टास्क कार्डांवरच्या (प्रत्येक कामाच्या नोंदीच्या कागदांवरच्या) सह्या पाळी संपताना एकदम होतात. काम चोख असेल तर बिघडतं कुठे? (एक वाचक, वास्को)

उत्तर : बिघडतं पुढच्या पाळीत. 11 सप्टेंबर 1991 रोजी अमेरिकेत कोसळलेल्या एका एम्ब्रेअर 120 विमानाच्या शेपटीच्या आडव्या पंखाचे 47 स्क्रू काढलेले होते. पाळी बदलली, नोंद नव्हती. 14 जण गेले. म्हणून पॅनल उघडताक्षणीच लिहा, काढलेल्या स्क्रूंच्या संख्येसह.

कंत्राटात धोका वाढतो, कारण काम एकाचं आणि विमान दुसऱ्याचं. 11 मे 1996 ला फ्लोरिडात पडलेल्या विमानात कंत्राटदाराकडून आलेले ऑक्सिजन जनरेटर (रसायनांतून ऑक्सिजन तयार करणारी, चालू झाली की प्रचंड तापणारी नळकांडी) होते. सुरक्षा टोप्या बसवल्याच नव्हत्या, तरी कार्डावर सह्या होत्या. कागदोपत्री ते रिकामे होते, प्रत्यक्षात भरलेले; त्यांनीच आग लागली. 110 जणांचा जीव गेला.

टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर) दिला की आकडा आणि रेंचचा क्रमांक तिथल्या तिथे टिपा. रेंच पुढे सदोष निघाला, तर कोणते बोल्ट पुन्हा तपासायचे हे त्या क्रमांकावरूनच कळतं. नुसतं ‘ओके’ लिहिलेलं कार्ड आम्ही अपूर्णच मानतो. भाग बदलताना काढलेल्या आणि बसवलेल्या, दोन्हींचे सिरियल नंबर लिहा. दाबोळीच्या खाऱ्या हवेत गंज हमखास सापडतो. तिथे गंजाची नेमकी जागा आणि तो किती खोल गेला आहे, हेही लिहा.

सही राहूनच गेली, तर मागची तारीख कधीही घालू नका. प्रमाणित करणाऱ्या इंजिनिअरला सांगा, काम पुन्हा तपासून घ्या आणि आजच्याच तारीख-वेळेने उशिराची नोंद करा.