एक्सेलमध्ये मॅक्रोचा लूप लावून मुख्य शीटमधल्या ओळी ज्या-त्या नावाच्या शीटमध्ये कशा भरायच्या? माझ्या काही ओळी भलत्याच शीटमध्ये जातात

भाऊ, लूप बरोबरच असेल तुमचा, आधी कोडात 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ, म्हणजे एरर आली तरी ती दाबून पुढं जा असं सांगणारी, आहे का पाहा. असली तर कारण तिथंच सापडेल, मी भोगलंय हे.

नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे मी हिशोब पाहायचो. आंबिया बहाराची संत्री यायला लागली की जेवायला फुरसत नाही. 'आवक' शीटमध्ये सगळी नोंद, अन् गावागणिक वेगळी शीट, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर अशा. मॅक्रो मालकाच्या पुतण्यानं लिहिलेला, एकेक ओळ घ्यायची, गाव वाचायचं, त्या नावाची शीट पकडून खालच्या रिकाम्या ओळीत टाकायचं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ती एरर दाबायची ओळ काढ. तर म्हणे, काहून काढू, एकदा तरी अडकला का मॅक्रो?

मग एका सकाळी नरखेडकडचे एक काका मालाच्या हिशोबाची पट्टी घेऊन आले, घडी इतक्यांदा उघडलेली की कागद मधोमध फाटायला आलेला, म्हणाले माझे 42 कॅरेट कुठं गेले. दुपारपर्यंत शोधलं तेव्हा काटोलच्या शीटमध्ये सापडले! 'नरखेड'च्या पुढं एक स्पेस पडली होती. तशा नावाची शीटच नाही, म्हणून एरर आली, ती दाबली गेली, अन् पकडलेली शीट ज्यात ठेवायची त्या डब्ल्यूएस व्हेरिएबलमध्ये आधीच्या ओळीची काटोलची शीट तशीच राहिली, काकांचा माल तिच्यात जाऊन बसला. मालक सगळ्यांसमोर मला बोलले, स्पेस तुझी, चूक तुझी. स्पेस माझीच होती, पण रात्री उशिरापर्यंत टाइप करणाऱ्या माणसाकडून स्पेस पडणारच, ती पकडायचं काम मॅक्रोचं होतं अन् मॅक्रोचं तोंड पुतण्यानं बांधून ठेवलं होतं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो.

तर तुम्ही असं करा. प्रत्येक फेरीत आधी डब्ल्यूएस 'नथिंग', म्हणजे रिकामं, करा, मग एरर दाबून फक्त शीट पकडायची एकच ओळ चालवा, लगेच 'ऑन एरर गोटू झीरो' लावा, म्हणजे एरर दाबणं बंद होईल. डब्ल्यूएस अजून नथिंगच असेल तर ती ओळ पिवळी करून पुढं जा. नावाच्या मागच्या-पुढच्या स्पेस काढायला ट्रिम लावा, पण वेबवरून कॉपी केलेल्या डेटातली 160 नंबरची स्पेस ट्रिमनं जात नाही, ती रिप्लेसनं काढावी लागते. देवनागरी नावं कोडात लिहू नका, व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या, खिडकीत बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्हं होतात, सेलमधूनच वाचा. शीटची नावं 1, 2, 3 अशी असतील तर आकड्याचा मजकूर करणारं सीएसटीआर लावा, नाहीतर एक्सेल त्या नावाची शीट सोडून तितक्या नंबरची शीट धरतो. ओळींचा काउंटर 'लाँग' प्रकारचा ठेवा, 'इंटिजर' प्रकार 32,767 च्या पुढं जात नाही.

अन् हो, मॅक्रोनं भरलेलं कंट्रोल झेडनं मागं येत नाही, आधी फाइलची कॉपी करा. दुसऱ्यांदा चालवताना जुन्या ओळी पुसल्या नाहीत तर सगळं डबल होईल.

शेवटी गावागणिक ओळी मोजून आवकशी जुळवा. नुसती एकूण बेरीज जुळवून काही कळत नाही, काकांची ओळ काटोलात होती तेव्हाही एकूण बरोबरच येत होतं, अन् पुतण्या तेच दाखवून मालकांना म्हणत होता की मॅक्रो एकदम बरोबर आहे.