'फ्यू' की 'अ फ्यू': तुमच्या लाल रेघेवरून आठवलं

तुमच्या मेलमधल्या 'आय हॅव फ्यू डाउट्स'वर साहेबांनी लाल रेघ मारली आणि मध्ये 'अ' घातला. एवढ्याशा अक्षराने काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. त्याच 'अ'ने माझी एक नोकरी घालवली. फरक इतकाच की माझा 'अ' नको तिथे होता.

मोजता येणाऱ्या गोष्टींना 'फ्यू', न येणाऱ्यांना 'लिटल' वगैरे शाळेत झालं असणार, ते सोडतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं तपासणी विभागात होतो. नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं, तर साहेब म्हणाले, "मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो." (सगळीकडे हे असंच चालतं.) मला म्हणायचं होतं, याच्या अहवालांत चुका फारशा नसत. आधी बरोबर लिहिलंही होतं: 'देअर वेअर फ्यू एरर्स इन हिज रिपोर्ट्स'. रात्री शहाणपण सुचलं. मराठी माणसं 'अ' आणि 'द' खातात, हे मास्तरांकडून ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं, म्हणून एक 'अ' घुसडला. झालं काय, तर 'याच्या अहवालांत काही चुका होत्या'! पुढच्या मुलाखतीत समोरच्याने ती ओळ वाचून शांतपणे विचारलं, "कसल्या चुका?" माझं ततपप.

मग जुन्या कचेरीत खेटे. एक अक्षर काढून पत्र द्या, एवढंच मागणं. "दिलेलं पत्र बदलत नाही." मग अर्ज करा. मग साहेबांची शिफारस आणा, आणि साहेबांची तोवर बदली झालेली. अडीच महिने गेले, पत्र मिळालं नाहीच. चूक माझी, मान्य. पण खिडकीतल्या माणसाने पत्र एकदा वाचून तरी बघायचं ना! असो.

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही, पण माझी खूण सांगतो. मराठीत हे काम 'च' करतो. 'थोडे लोक आले' म्हणजे 'अ फ्यू', 'थोडेच लोक आले' म्हणजे नुसतं 'फ्यू'. कमीपणा दाखवायला आपण अक्षर वाढवतो, इंग्रजीत ते काढतात. आपण फसतो ते इथेच. नुसत्या 'फ्यू'ला इंग्रजी जवळजवळ नकारच मानते, म्हणून वाक्याच्या शेवटी जोडतात तो शेपटीचा प्रश्न (टॅग) उलटतो: 'फ्यू पीपल केम, डिड दे?' पण 'अ फ्यू पीपल केम, डिडन्ट दे?' 'लिटल'चंही तेच. 'आय नो लिटल जर्मन' लिहिलंत तर जर्मन जवळपास येत नाही असा अर्थ होतो. थोडंफार येत असेल तर 'अ लिटल' हवं.

म्हणजे तुमचं मूळ वाक्य 'मला फारशा शंका नाहीत' असं सांगत होतं, आणि खाली सात प्रश्न! साहेबांचं बरोबर आहे. मी तर आता नुसतं 'फ्यू' लिहीतच नाही. कमी म्हणायचं असेल तर सरळ 'ओन्ली अ फ्यू'. 'क्वाइट अ फ्यू'पासून मात्र सांभाळून, त्याचा अर्थ 'बरेच'.

आणि 'डाउट्स'च्या जागी 'क्वेश्चन्स' लिहा. परदेशी माणसाला 'डाउट' म्हणजे अविश्वास वाटू शकतो. तिकडचं गिऱ्हाईक 'कपल ऑफ डेज' म्हणालं तर तारीख विचारून घ्या. आमच्याकडे एकाने दोन दिवस धरले, दुसऱ्याने आपले मराठी चार-दोन.