हायड्रोजन बंध: सुरुवात कुठून करायची

पाण्याचे सगळे गुणधर्म एकदम पाठ करायला बसू नका. आधी कागदावर पाण्याचे पाच रेणू काढा: एक मध्ये, चार भोवती. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ठळक रेघेने, दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध (एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) तुटक रेघेने. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या दोन रेघांची गल्लत झाल्यानेच होतात.

पाणी उकळताना तुटक रेघा तुटतात, ठळक नाही. ठळक तुटल्या असत्या तर वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघाले असते! ठळक बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) सुमारे 460 किलोज्यूल लागतात, तुटक बंधाला जेमतेम 20. पण प्रत्येक रेणू असे चार बंध करू शकतो, म्हणून एकूण पकड घट्ट. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याहून जड, तरी त्यात असे बंध नावापुरतेच, म्हणून तो उणे 60 अंशांना उकळतो. पाणी 100 ला.

आणखी दोन अडखळण्याच्या जागा:

- "थंड केलं की आकुंचन" हा नियम पाण्याला 4 अंशांपर्यंतच लावा. बर्फात चारही बंध ठरावीक दिशांना बसतात, मध्ये पोकळी राहते, आकारमान सुमारे 9 टक्के वाढतं. फ्रीजरमधली काठोकाठ भरलेली काचेची बाटली त्यामुळेच फुटते.
- द्रव पाण्यातले बंध कायमचे नसतात. सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात तुटून नवे जुळतात.

पृष्ठताण, विशिष्ट उष्मा, माठातलं गार पाणी हे सगळं याच चित्रावरून सुटतं. क्वांटमचं गणित सध्या बाजूला ठेवा.