वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी विकताना

प्रश्न : माझी टाटा नेक्सॉन ईव्ही एप्रिल २०२१ ची आहे. ३०.२ युनिटची बॅटरी, ४६ हजार किलोमीटर रनिंग. गाडी उत्तम चालते, तरी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ‘बॅटरीचं काही सांगता येत नाही’ म्हणत लाखभर रुपये पाडून मागतं. बॅटरी चांगली आहे हे पटवायचं कसं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गिऱ्हाइकाची भीती खरी आहे, कारण गाडीतला सगळ्यात महागडा भाग त्याला डोळ्यांनी दिसत नाही. पेट्रोल गाडीचं इंजिन आवाजावरून, धुरावरून ओळखता येतं. इथे तसं काही नाही. म्हणून तोंडी खात्री देण्यात वेळ घालवू नका. बॅटरीचे कागद तयार करा आणि ते मागण्याआधीच समोर ठेवा. लाखभराची घासाघीस तिथेच निम्म्यावर येते.

पहिला कागद म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट. त्यात ‘एसओएच’ची टक्केवारी असते, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता किती शिल्लक आहे ते. गाडीचा चासी नंबर, त्या दिवशीचं रनिंग आणि तारीख छापलेली हवी, नाहीतर रिपोर्ट कुठल्या गाडीचा हा प्रश्न उरतो. दुसरा कागद वॉरंटीचा. तुमच्या गाडीला बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी वॉरंटी होती. म्हणजे ती एप्रिल २०२९ पर्यंत जाते आणि किलोमीटरचीही भरपूर शिल्लक आहे. ती चालू आहे आणि नव्या मालकाला मिळेल, एवढं सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर लेखी घ्या. बॅटरी किती टक्क्यांखाली गेली की वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदल मिळतो, तो आकडा वॉरंटी पुस्तिकेत शोधून त्यावर खूण करून ठेवा. जाणकार गिऱ्हाईक नेमकं तेच विचारतं.

रिपोर्ट काढण्याआधी एक काम करा. तुमच्या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा गाडीला अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज पूर्ण चार्जला दुरुस्त होतो. महिनोन्‌महिने ३० ते ८० टक्के एवढंच चार्जिंग केलेल्या गाडीत टक्क्यांचा हिशेब सरकतो आणि बॅटरी आहे त्यापेक्षा थकलेली दिसू शकते. म्हणून आधीच्या पंधरवड्यात दोन-तीनदा गाडी १५-२० टक्क्यांपर्यंत उतरवा आणि घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर सावकाश १०० पर्यंत भरा. १०० दिसल्यावर लगेच केबल काढू नका, तासभर राहू द्या. सेल एकमेकांच्या बरोबरीला येण्याचं काम त्या वेळात होतं. डीसी फास्ट चार्जरवर हे साधत नाही.

आता घरच्या घरी करायची चाचणी. गाडी २० टक्क्यांवर आणा, मीटरचं रीडिंग घ्या, रात्री चार्जिंगला लावा, १०० झाल्यावर पुन्हा रीडिंग घ्या. गाडीसाठी वेगळं मीटर असेल तर उत्तम, नसेल तर प्लगमध्ये बसणारं छोटं वीजमापक चालेल, पण ते १६ अँपिअरचं हवं. नव्या बॅटरीचं गणित असं : ३०.२ चे ८० टक्के म्हणजे सुमारे २४ युनिट बॅटरीत जातात. चार्जरमध्ये उष्णतेपोटी १० ते १५ टक्के वीज जाते, म्हणून मीटरवर २७-२८ दिसायला हवेत. बॅटरीचा थोडा हिस्सा गाडी राखीव ठेवते, त्यामुळे चांगल्या गाडीतही आकडा एखाद-दोन युनिट कमी येतो. २५-२६ आले तर निश्चिंत राहा. २२ च्या आसपास आले तर बॅटरी खरोखर उतरली आहे. आधी वॉरंटीत तपासून घ्या, विकण्याचं मग बघा. दोन्ही रीडिंगचे फोटो आणि टक्के दाखवणाऱ्या डिस्प्लेचे फोटो जपून ठेवा.

जाहिरातीत कंपनीची ३१२ किलोमीटर ही प्रमाणित रेंज लिहू नका. ती रस्त्यावर मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका येते. त्याऐवजी कोथरूडहून महाबळेश्वर, साधारण १२० किलोमीटर, निघताना १०० टक्के, पोचल्यावर किती, एसी चालू, माणसं किती, असं लिहा. पसरणीचा घाट धरून आलेला आकडा शहरातल्या दहा आकड्यांपेक्षा जास्त पटतो.

शेवटचं, गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या खालच्या पत्र्याचे फोटो काढा. ओरखडे चालतात. दगडाने किंवा उंच गतिरोधकाने पडलेला खोलगट पोचा असेल तर तो लपवू नका, कारण बाहेरून मार लागलेल्या बॅटरीचा वॉरंटी क्लेम कंपन्या नाकारतात आणि गिऱ्हाइकाचा मेकॅनिक आधी तिथेच बघतो.

आणि किंमत ठरवताना तुम्ही २०२१ मध्ये किती मोजले ते मनातून काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीच्या किमती १ लाख २० हजारांपर्यंत उतरवल्या. नवीन स्वस्त झाली की जुनी त्याच दिवशी खाली येते. गिऱ्हाईक आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीपासून मोजायला सुरुवात करतं, तुम्हीही तिथूनच करा.

प्रश्न : नवीन गाडीच्या शोरूमने माझ्या ईव्हीला एक्स्चेंजमध्ये ७ लाख ६० हजार आणि वर ५० हजार बोनस देऊ केला आहे. बाहेर एक जण ८ लाख २० हजार देतो आहे. शोरूमवाले म्हणतात, जुन्या ईव्हीवर आता १८ टक्के जीएसटी आहे म्हणून एवढंच देता येतं. खरं आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जीएसटीचं अर्धंच खरं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या विक्रीवरचा दर, ईव्ही धरून, १८ टक्के केला. पण हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर आहे. गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. शोरूमने ७.६० ला घेऊन ८.६० ला विकली तर कर लाखावर, १८ हजार. तुम्ही स्वतःच्या नावावरची गाडी खासगी माणसाला विकलीत तर जीएसटीच नाही.

गाडी जीएसटी नोंदणी असलेल्या फर्मच्या नावावर असेल आणि आयकरात घसारा घेतला असेल तर मात्र सांभाळा. ईव्हीला ४० टक्के घसारा मिळतो. १५ लाखांची गाडी तीन पूर्ण वर्षांच्या घसाऱ्यानंतर वहीत ३ लाख २४ हजारांची उरते. ती ७ लाखांना विकली तर फरक ३ लाख ७६ हजार, आणि त्यावर जीएसटी ६७ हजार ६८० रुपये. सीएला आधी विचारा.

आता एक्स्चेंज. शोरूमकडून दोन आकडे वेगवेगळे, लेखी घ्या : एक्स्चेंज न करता नवीन गाडी कितीला, आणि एक्स्चेंज करून कितीला. एकाच कागदावर सगळं मिसळून दिलं की बोनस मोठा दिसतो आणि रोख सवलत गायब होते. समजा नवीन गाडी १८ लाख ४० हजारांची आहे. एक्स्चेंजने तुमच्या खिशातून जातात १० लाख ३० हजार. एक्स्चेंज नको म्हटल्यावर ७० हजारांची रोख सवलत मिळाली, आणि जुनी बाहेर ८.२० ला गेली, तर जातात साडेनऊ लाख. फरक ८० हजारांचा. त्यासाठी कागदपत्रांची धावपळ तुमच्या अंगावर येते. आमच्या मते ८० हजारांसाठी ती जरूर करावी, २० हजारांसाठी नाही.

शोरूमलाच किंवा जुन्या गाड्यांच्या डीलरला दिलीत तर फॉर्म २९सी भरून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी दिल्याची ही आरटीओकडची नोंद आहे. ती झाली की जबाबदारी डीलरकडे जाते. ‘पुढचं गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करू’ असं म्हणणाऱ्याकडे अधिकृत डीलरचा परवाना आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न : विकण्याआधी कशावर खर्च करावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १२ व्होल्टची छोटी बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर पहिली ती बदला. ती मरायला टेकली की गाडी सुरूच होत नाही, किंवा डिस्प्लेवर भलत्याच सूचना लागतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं मोठी बॅटरी गेली. काही हजारांच्या वस्तूसाठी सौदा मोडतो.

त्यानंतर ब्रेक. ईव्ही बहुतेक वेळा रिजनवर थांबते, म्हणजे वेग कमी होताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते आणि गाडीला अडवते, त्यामुळे डिस्क कमी घासल्या जातात आणि पावसाळ्यात त्यांवर गंज धरतो. ट्रायलमध्ये खर्रखर्र आवाज येतो. रिजन सर्वांत कमी ठेवून मोकळ्या रस्त्यावर काही वेळा दमदार ब्रेक मारा. वरवरचा गंज निघून जातो. नाही गेला तर डिस्क साफ करून घ्या. सॉफ्टवेअर अपडेट राहिले असतील तर सर्व्हिस सेंटरला करून घ्या, कूलंटची पातळी बघा. टायर चारही एकसारखे असावेत. झिजले म्हणून नवे महागडे टाकू नका, त्याचे पैसे वसूल होत नाहीत. सिरॅमिक कोटिंगचंही तेच.

गाडीबरोबर मिळालेली १५ अँपिअरची चार्जिंग केबल मात्र द्यायलाच हवी. ती नसेल तर गिऱ्हाईक तिची किंमत कापतं, आणि पहिल्या रात्री चार्ज कुठे करणार हा त्याचा प्रश्न रास्त असतो. भिंतीवरचा एसी चार्जर वेगळा विकता येतो. पुढची गाडीही ईव्हीच घेणार असाल तर ठेवा.

प्रश्न : ‘लाइफटाइम बॅटरी वॉरंटी’ असलेली गाडी घेतली आहे. पुढे विकताना याचा फायदा होईल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला वाटतो तेवढा नाही. ती बहुतेक ठिकाणी पहिल्या मालकापुरती असते. एमजी विंडसरची दुसऱ्या मालकाकडे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होते, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ची १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. दोन्ही मुदती पहिल्या डिलिव्हरीपासून मोजतात. जाहिरातीत ‘लाइफटाइम’ लिहू नका, उरलेली वर्षं लिहा. बॅटरी विकत न घेता भाड्याने घेतली असेल तर फायनान्स कंपनीशी झालेला करार आधी बंद करावा किंवा तिच्या संमतीने नव्या मालकाच्या नावावर करावा लागतो. ते होईपर्यंत बयाणा घेऊ नका.

प्रश्न : सौदा ठरला, गिऱ्हाईक मुंबईतलंच आहे. कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव आहे. क्रमाने काय करू?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ च्या (आरसीवरून बँकेचं नाव उतरवण्याच्या अर्जाच्या) सही-शिक्क्याच्या दोन प्रती. बँकेचं नाव उतरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग फॉर्म २९ (गाडी विकल्याची खबर) आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज) यांवर सह्या. फॉर्म २९ ची खबर तुम्ही आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते. गाडी परराज्यात जाणार असती, गोव्यात किंवा कर्नाटकात, तर फॉर्म २८ ची एनओसी आधी लागली असती. ईव्हीला पीयूसी लागत नाही, विमा मात्र चालू हवा.

‘नाव नंतर करून घेतो’ असं म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. डिलिव्हरीच्या पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि घेणाऱ्याची सही हवी.

विम्यातला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतं. ५० टक्क्यांवर असाल तर ही रक्कम सोडण्यासारखी नाही.

फास्टॅग जारी करणाऱ्या बँकेत बंद करा. तो चालू असेपर्यंत नव्या मालकाला त्या नंबरवर दुसरा मिळत नाही आणि टोल तुमच्या खात्यातून जात राहतो. गाडीच्या मोबाइल ॲपमधून ती काढून टाका, मग गाडीतल्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट करा. क्रम हाच ठेवा. नुसता रीसेट केला तर ॲपवरचं खातं तसंच राहतं, गाडी कुठे आहे हे तुम्हाला दिसत राहतं, आणि नव्या मालकाला आपलं खातं जोडता येत नाही.